कंधारचा तट कोणी बांधला? 'कुशल' आणि 'बिगारी' या शिक्क्यांचा इतिहास



कंधारचा किल्ला कोणी बांधला, असे विचारले तर इथले शाळकरी पोरही सांगते : राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. पण हे उत्तर किल्ला कोणी बांधवून घेतला याचे आहे. बांधला कोणी, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

हा प्रश्न आम्ही आज का काढतो आहोत? कारण कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातला आमचा भूमिहीन माणूस आजही बांधतोच आहे. पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत तीस-तीस, चाळीस-चाळीस मजली टॉवर उभे राहतात, त्यांच्या पायात आणि माथ्यावर मराठवाड्याचा घाम आहे. त्या टॉवरवर नाव बिल्डरचे लागते, नकाशावर सही आर्किटेक्टची असते आणि आमच्या माणसाच्या वाट्याला मस्टरवरचा एक शब्द येतो : बिगारी. हजार वर्षांपूर्वीचा तट आणि आजचा टॉवर यांच्यामध्ये एक सरळ रेषा आहे. ती दाखवण्यासाठी हा लेख.

एका किल्ल्याला किती हात लागतात?

कंधार म्हणजे राष्ट्रकूटांचे कंधारपूर. लातूर म्हणजे त्यांचे लट्टलूर. 'लट्टलूरपुरवराधीश्वर' आणि 'कंधारपुरवराधीश्वर' अशी बिरुदे हे राजे अभिमानाने लावत. कृष्ण तिसरा इसवी सन ९३९ ते ९६७ या काळात गादीवर होता. कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात राजाची थोरवी, देवळे, त्यांना दिलेली दाने आणि 'जगत्तुंग समुद्र' नावाचा तलाव यांचा उल्लेख आहे. तो तलाव आजही आहे. एका भव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेषही कंधारात आहेत. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम अशा सत्ता आल्या, प्रत्येकीने किल्ल्यात काही भर घातली, डागडुजी केली.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याचे निम्मे काम डोंगरच करतो. भुईकोटाला निसर्गाची मदत नसते. खंदक खणायचा माणसाने, तट चढवायचा माणसाने, बुरूज वळवायचा माणसाने. या कामाचा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आणू या.

पहिले काम मातीचे. खंदक आणि तलाव खणणारा माणूस म्हणजे केवळ कुदळ मारणारा नव्हे. माती कुठे धरेल, कुठे ढासळेल, उतार किती ठेवायचा, पाणी कुठून येईल, हे त्याला कळावे लागते. हे ज्ञान माती वडारांचे.

दुसरे काम दगडाचे. आपल्याकडचा काळा पाषाण एक घनफूट घेतला तरी सुमारे ८० किलो भरतो. तो फोडायचा तर आधी त्याची नस ओळखावी लागते. नस ओळखून ओळीने भोके पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, मग घणाचे घाव मोजून घालायचे. घाव चुकीच्या जागी बसला की दगड वेडावाकडा फुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हे काम दगडी वडारांचे आणि पाथरवटांचे. फोडलेला दगड वाहून आणणारे गाडी वडार.

तिसरे काम चुन्याचे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मुरवायची, वाळूबरोबर बैलाच्या घाण्यात तासन् तास मळायची, आणि गरजेप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे काहीबाही घालायचे. भट्टीत आच कमी पडली तर खडा कच्चा राहतो, फार झाली तर चुना मरतो. हा चुना हवेतला वायू शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, म्हणून शतकानुशतके तट उभे राहतात. भट्टीची आच नुसत्या रंगावरून ओळखणारे लोणारी हे रसायन शाळेत शिकले नव्हते.

मग गवंडी. एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून धरणारे आरपार दगड ठरावीक अंतराने घालायचे, तट वर जाताना किंचित आत झुकवायचा, आणि हे सगळे एका ओळंब्याच्या भरवशावर. कमानीचा लाकडी साचा आणि परांची सुताराची. पाषाणावर चार घाव घातले की टाकी बोथट होते, म्हणून लोहाराचा भाता दगडखाणीपासून दूर असून चालत नाही. दगड वर चढवायचा तर दोर हवा, आणि दोर वळणारा मांग. खंदकातले पाणी उपसायचे तर मोट हवी, आणि मोटेचे कातडे शिवणारा चांभार. राहिले ओझे. गावगाड्यात ओझ्याची, धावपळीची, राबण्याची वेठ महाराच्या माथी होती.

दहाव्या शतकात या जाती आजच्याच नावांनी आणि आजच्याच चौकटीत होत्या, असा आमचा दावा नाही. पण ही कामे होती, कामे करणारी माणसे होती, आणि जातीच्या उतरंडीने पुढे याच कामांवर एकेक शिक्का मारून ती पिढ्यान् पिढ्या बांधून टाकली. तलावाला 'जगत्तुंग' हे राजाचे बिरुद चिकटले. माती उपसणाऱ्याचे नाव त्या पाण्याला कोणी दिले नाही.

नावे कोरली जात होती, तोही काळ होता

कोणी म्हणेल, त्या काळी कारागिराचे नाव लिहिण्याची पद्धतच नव्हती. हे खरे नाही. कंधारच्या किल्ल्याच्या हजारएक वर्षे आधी याच महाराष्ट्रात कारागिरांची नावे दगडावर कोरली जात होती. ती बौद्ध लेण्यांत आहेत.

मराठवाड्यातलेच पितळखोरे घ्या. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर लेख आहे, की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, आणि त्याच लेण्यात दरवाजाचे काम करणाऱ्या धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने आपण केलेल्या कामाची नोंद ठेवली आहे. कान्हेरीच्या चैत्यातल्या लेखात बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूंबरोबर दगडकाम करणाऱ्यांचे वेगवेगळे प्रकार, अगदी दगड घासून गुळगुळीत करणाऱ्यांपर्यंत, नोंदले आहेत. आणि महाराष्ट्राबाहेर सांचीला दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी, हे कोरीवकाम आमचे, असे लिहून ठेवले आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शेटजीचे आणि सुताराचे नाव एकाच लेण्यात यावे, हे तिथेच शक्य होते जिथे हाताने काम करणारा माणूस दान देणारा, शिष्य करणारा, संघाच्या नोंदीत येणारा माणूस होता.

आता राष्ट्रकूटांकडे या. वेरूळचे कैलास लेणे कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा ८१२-१३ सालचा बडोदा ताम्रपट आहे. त्यात या मंदिराचे वर्णन करताना सांगितले आहे, की ते पाहून देव थक्क झाले, आणि ज्याने ते घडवले तो शिल्पीसुद्धा, हे माझ्या हातून झाले कसे, अशा नवलात पडला. शिल्पकाराचे आश्चर्य ताम्रपटात आले. राजाचे नाव आले, वंशावळ आली. त्या शिल्पकाराचे नाव मात्र आले नाही. ज्याच्या हाताची तारीफ करायची त्याला निनावी ठेवायचे, हा इथल्या राजसत्तेचा आणि तिच्या आश्रित पंडितांचा रिवाज त्या एका ताम्रपटात स्पष्ट दिसतो.

एक आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर गुंड या स्थपतीचे नाव आहे, होयसळांच्या मंदिरांवर मल्लितम्मा, दासोज अशा शिल्पींच्या सह्या आहेत, मग निनावीपणाचा आरोप कशाला? ही उदाहरणे खरी आहेत आणि ती आम्ही नाकारत नाही. पण नाव कोणाचे आले ते पाहा. ते मुख्य स्थपतीचे, आचार्य म्हणवणाऱ्याचे किंवा मूर्ती घडवणाऱ्याचे आले. खाणीत घण मारणाऱ्याचे, चुना भाजणाऱ्याचे, दोर वळणाऱ्याचे आले नाही. निनावीपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. उतरंडीत जो जितका खाली, तितका तो अधिक निनावी.

शिडी कोणी लावली?

आपले शिल्पशास्त्राचे जुने ग्रंथ बांधकाम करणाऱ्यांचे चार दर्जे सांगतात : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. योजना करणारा, सुताने मापणारा, जोडणारा आणि तासणारा. या चौघांना शास्त्रात जागा आहे. त्यांच्याखाली राबणारा जो मोठा समूह आहे, त्याला शास्त्रात नाव नाही. कारागिरांची गणती चौथ्या पायरीला संपते.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात जातीच्या समर्थकांचा एक आवडता मुद्दा खोडून काढला. जात म्हणजे श्रमविभागणी, ती तर प्रत्येक समाजात असते, असे ते म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेल्या, हवाबंद कप्प्यांत. बांधकामावर हे जितके उघडे दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. दगडाची नस ओळखणाऱ्याला नकाशा शिकू द्यायचा नाही आणि नकाशा काढणाऱ्याने दगडाला हात लावायचा नाही. डोके एकीकडे, हात दुसरीकडे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच होते. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तो यासाठीच. आमच्या माणसाला कसब नव्हते म्हणून तो खालच्या कामावर राहिला, हे खोटे आहे. त्याला कसबाच्या दारातच अडवले गेले.

मराठीत म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दगडाने घाव सोसले, तो देव झाला आणि गाभाऱ्यात गेला. ज्याच्या हातात टाकी होती त्याला त्याच गाभाऱ्याच्या पायरीवर रोखले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आमची माणसे उभी होती, तेव्हा बंद दाराआडचा प्रत्येक चिरा कोणा राबणाऱ्याच्याच हातून गेला होता.

डोके आणि हात वेगळे केल्याची किंमत : किल्लारी

हा सगळा जुना इतिहास आहे, आज त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची आठवण ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. ५२ गावांचे पुनर्वसन करावे लागले.

माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. भिंतीच्या दोन बाजू आतून एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. हादरा बसताच भिंत मधून उकलली आणि माळवद खाली आले. तटबंदीच्या कामात वापरला जाणारा आरपार दगड घराच्या भिंतीतून गायब झाला होता.

भूकंपानंतर काही शहाण्यांनी दोष गावच्या गवंड्याला दिला. आम्ही विचारतो, गवंड्याला तंत्रज्ञान कधी दिले होते? इंजिनिअरिंग कॉलेजात भूकंपरोधक बांधकामाचा अभ्यासक्रम होता, तो खेड्यातल्या गवंड्याच्या भाषेत, त्याच्या हातापर्यंत कोणी आणला होता? पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा याच गवंड्यांनी आरपार दगड, कोपऱ्यांचे बंध, काँक्रीटचा पट्टा हे सगळे शिकून घेतले आणि बांधून दाखवले. माणूस शिकायला तयार होता. शिकवायला यायला व्यवस्थेला एवढे बळी लागले.

निजामी मुलखातून मुंबईत

कंधार १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. निजामी मुलखातून, विशेषतः तेलुगू भागातून, बांधकामाची माणसे मुंबईत जाण्याची वाट फार जुनी आहे. मुंबईचे कामाठीपुरा हे नाव त्या कामाठ्यांवरून पडले. ज्यांनी मुंबईच्या गोऱ्या साहेबांच्या इमारती, रस्ते आणि भराव उभे केले, त्यांचे नाव शहरातल्या एका वस्तीला मिळाले आणि तीही वस्ती पुढे शहराने बदनाम करून ठेवली.

याच कामाठी समाजातून काही गुत्तेदार पुढे आले, आणि ते कोणाच्या पाठीशी उभे राहिले हे आपल्या चळवळीने विसरता कामा नये. व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावरू यांच्यासारखे मुंबईचे तेलुगू गुत्तेदार सत्यशोधक समाजाचे आधार होते. स्वतः जोतीराव फुले बांधकामाच्या धंद्यात होते, गुत्ते घेत होते, दगड-चुन्याचा व्यवहार त्यांना आतून ठाऊक होता. म्हणूनच इंजिनिअर खात्यातली लबाडी आणि मजुरांची लूट त्यांच्या लेखनात इतक्या नेमकेपणाने आली. महात्मा फुल्यांना शेतकऱ्यांचे आणि शिक्षणाचे कैवारी म्हणून आपण ओळखतो. बांधकाम मजुराचा प्रश्न पहिल्यांदा खातेवहीच्या बाजूने पाहणारा माणूसही तेच होते.

आजचा टॉवर

आता तीस मजली इमारतीच्या साइटवर या. पायाचा खड्डा खणला जातो, पाइल उतरतात. मग मजल्यामागून मजला तेच चक्र : सेंटरिंग, सळई, काँक्रीट. त्यामागोमाग वीट किंवा ब्लॉकचे बांधकाम, वायरमनची पाइपलाइन, प्लंबर, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी, खिडक्या, रंग, लिफ्ट. बाहेर टॉवर क्रेनचा ऑपरेटर आणि खालून त्याला खुणा करणारा माणूस.

यातला प्रत्येक टप्पा कसबाचा आहे. सेंटरिंगवाला ओल्या काँक्रीटचा भार पेलणारा साचा उभा करतो. एक टेका कमी पडला किंवा मुदतीआधी काढला तर स्लॅब माणसांसकट खाली येतो. सळई बांधणारा नकाशा वाचून रिंगांचे अंतर ठेवतो, सळईखाली कव्हर ब्लॉक घालतो. ते नसेल तर पाच-दहा पावसाळ्यांत सळई गंजून काँक्रीट फुटते. काँक्रीटवर पाणी मारणारी बाई ज्या काळजीने ते ओले ठेवते, त्यावर त्याची ताकद ठरते. पूर्ण ताकदीचा हिशेब अठ्ठावीस दिवसांचा धरतात. पाणी मारणाऱ्या बाईला मस्टरवर काय म्हणतात? बिगारी.

हा शब्द नीट ऐका. फारसी 'बेगार' म्हणजे मोबदल्याविना सक्तीचे काम, आपली वेठबिगार. राजे गेले, निजाम गेला, राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी आली. पण काँक्रीटच्या टॉवरवर विसाव्या मजल्यावर घमेले घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण अजून वेठीच्याच नावाने हाक मारतो.

दुसरा शब्द 'सूत'. सळई बांधणारे आजही सळईची जाडी सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. तीन सूत, चार सूत, पाच सूत, असा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. शिल्पशास्त्रातला सूत्रग्राही याच सुतावरून सूत्रग्राही झाला आणि दुसऱ्या दर्जाचा मान मिळवून बसला. सळई बांधणारा मुखेडचा पोरगा हेच सूत हातात घेऊन मस्टरवर अर्धकुशल ठरतो.

आणि बाई? साइटवर बाई वीट वाहते, वाळू चाळते, पाणी मारते, माल कालवते. वीस वर्षे गवंड्याच्या हाताखाली राहूनही तिच्या हातात थापी आणि ओळंबा दिला जात नाही. समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला. त्यातून सुटायला सोपी वाट अशी, की बाईला कधी गवंडी होऊच द्यायचे नाही. काम निराळे, म्हणून दाम निराळा. गिरणीच्या विणकाम खात्याचे दार इथे पुन्हा बंद झालेले दिसेल.

कायदा आहे, कागद नाही

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. केंद्राचे सार्वजनिक बांधकाम खाते तेव्हा त्यांच्याच अखत्यारीत होते. ऑक्टोबर १९४२मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी दाखवून दिले की या खात्याच्या यादीवर अकराशेहून अधिक कंत्राटदार आहेत आणि त्यांत अनुसूचित जातीचा फक्त एक आहे. त्याच निवेदनात त्यांनी आमच्या मुलांना तांत्रिक शिक्षण देण्याची मागणी केली. राबायला आमचे हजारो आणि गुत्ता घ्यायला एक, ही तफावत त्यांनी आकड्यात पकडली होती. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच १९४६ साली मांडले, ते १९४८ साली कायदा झाले. कारखान्यातला कामाचा आठवडा १९४६च्या दुरुस्तीने ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

बांधकाम मजुरासाठी वेगळा केंद्रीय कायदा यायला मात्र १९९६ उजाडले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी वापरायचा, अशी योजना झाली. महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. उपकराचा पैसा पडून राहतो आणि मजुरापर्यंत पोहोचत नाही, यावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात राज्यांना खडसावले. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितांत हा कायदाही सामावून घेतला गेला.

नोंदणीची अट साधी दिसते : वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. पण दाखला देणार कोण? गुत्तेदार देत नाही, कारण दाखला दिला की मजूर त्याच्या कागदावर येतो, आणि उद्या कोणी परांचीवरून पडला तर भरपाई मागायला जागा होते. मुकादमाने उचल देऊन आणलेली टोळी तीन साइटवर तीस-तीस दिवस राबते, मग नव्वद दिवस कोणाच्या नावावर धरायचे? गावच्या ग्रामसेवकाने दाखला द्यावा म्हटले तर मजूर वर्षातले आठ महिने गावात नसतो. जो खरा मजूर त्याच्याकडे कागद नाही, आणि ज्याची ओळख आहे तो पेटी आणि भांडी घेऊन जातो. शिलालेखात नाव नसणे आणि नोंदवहीत नाव नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिल्याने आमची कीर्ती गेली, दुसऱ्याने आमच्या पोरांची शिष्यवृत्ती आणि मेलेल्याच्या बायकोची मदत जाते.

जातीच्या सवलतींचाही हाच घोळ. वडार महाराष्ट्रात विमुक्त जातीत, शेजारच्या कर्नाटकात वड्डर-भोवी अनुसूचित जातीत, तेलंगणात वड्डेर मागासवर्गात. कंधार-देगलूरचा दगड फोडणारा सीमा ओलांडून कामाला गेला की त्याचा दाखलाही अलीकडेच राहतो.

आमच्या मागण्या

मराठवाड्याला नावाची किंमत कोणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड-परभणीच्या खेड्यांत आमच्या वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जीव द्यावा लागला. १९९३ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे लढलेला हा प्रदेश आपल्या बांधकाम मजुराला निनावी राहू देणार आहे का?

म्हणून आम्ही मागतो ते असे. कंधारच्या किल्ल्यावरच्या माहितीफलकावर राजांच्या नावांबरोबर वडार, पाथरवट, लोणारी, गवंडी, सुतार, लोहार, दोर वळणारे आणि वेठीने राबलेले यांच्या कामाची नोंद व्हावी. पाठ्यपुस्तकात किल्ला 'बांधवून घेतला' असे लिहावे. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्याच्या नावाखाली त्या इमारतीच्या कारागिरांची नावे कोरावीत, कार्ल्यात सामीचे कोरले तशी. ९० दिवसांचा दाखला देणे गुत्तेदाराला बंधनकारक व्हावे, आणि नाही दिला तर त्याचे बिल अडवावे. वर्षानुवर्षे थापी चालवणाऱ्याची परीक्षा साइटवर येऊन, त्याच्या भाषेत घ्यावी आणि कुशलतेचे प्रमाणपत्र द्यावे. आयटीआयच्या गवंडीकामाच्या वर्गात बायकांसाठी जागा राखाव्यात.

आणि एक काम सरकारवर न सोडता आपणच करायचे आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, चौदा ऑक्टोबरला, गावोगावच्या बुद्धविहारात एक वही ठेवा. गावातून बांधकामावर गेलेल्या प्रत्येक माणसाचे आणि बाईचे नाव, काम, कोणत्या शहरात, कोणत्या इमारतीवर, कोणत्या गुत्तेदाराकडे, किती दिवस, हे त्यात लिहा. हीच वही उद्या दाखल्यासाठी पुरावा ठरेल, अपघात झाला तर वकिलाच्या हातात जाईल, आणि शंभर वर्षांनी कोणी विचारले की हे टॉवर कोणी बांधले, तर उत्तर द्यायला कागद असेल.

जय भीम!